पैनगंगेपलीकडे अनुभव शून्य का होतो?

पांढरकवड्याहून राष्ट्रीय महामार्ग ४४ ने दक्षिणेला निघाले की पाटणबोरी लागते. तेथून थोडे पुढे पैनगंगेचा पूल ओलांडला की तेलंगणातील आदिलाबाद जिल्हा सुरू होतो. आपल्या जिल्ह्यातील व्यापाऱ्यांना हा रस्ता नवा नाही. कापसाचा व्यवहार, कापडाची खरेदी, सोयरिक, दवाखाना अशा कितीतरी कामांसाठी वणी, झरी जामणी आणि केळापूर तालुक्यांतील माणसे वर्षानुवर्षे नदीपलीकडे जात-येत आहेत. पलीकडे उर्दू चालते, मराठीही समजते. माल जातो, पैसा जातो, लेकीबाळी सासरी जातात. पुलावर अडकते ती एकच गोष्ट, कारागिराचा अनुभव.

आमच्या परिचयाच्या एका भगिनीचे उदाहरण घ्या. त्यांनी वणीत एका ब्युटी पार्लरमध्ये नऊ वर्षे काम केले. थ्रेडिंगपासून सुरुवात केली आणि पुढे फेशियल, हेअर कट, नवरीचा मेकअप असे सर्व काम त्यांच्या हाती आले. लग्नसराईत गिऱ्हाईक मालकिणीला नव्हे, यांना विचारत येत असे. विवाहानंतर त्या आदिलाबादला गेल्या. तेथे एका पार्लरमध्ये काम मागितले तेव्हा पहिला प्रश्न आला, "सर्टिफिकेट आहे का? कुठे काम केल्याचा कागद आहे का?" कागद नव्हता. त्यांना हेल्पर म्हणून ठेवण्यात आले. टॉवेल धुणे, केस झाडणे, पाणी गरम करणे ही कामे, आणि पगार कालच शिकायला आलेल्या मुलीएवढा. काही महिन्यांनी एका लग्नाच्या दिवशी मेकअप करणारी आली नाही म्हणून यांना उभे केले, आणि त्या दिवशी सर्वांना त्यांचा हात कळला. पगार वाढला. पण मधले महिने गेले ते गेलेच. नऊ वर्षांची मेहनत पुलाच्या अलीकडे राहिली होती.

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती आपल्याच बाजारात दिसते. यवतमाळ, पुसद, दिग्रस, उमरखेड येथील कित्येक कटिंग सलूनमध्ये आज उत्तर प्रदेशातून आलेले कारागीर खुर्ची सांभाळतात. त्यांच्यात सलमानी बिरादरीचे तरुण बरेच आहेत. बापाच्या हाताखाली बाराव्या-तेराव्या वर्षी वस्तरा धरलेला मुलगा पंचविसाव्या वर्षी येथे येतो, तेव्हा आपण त्याला काय देतो? स्थानिक कारागीर निम्म्या हिश्श्यावर काम करीत असेल तर याला त्याहून कमी. का, तर "तू नवा आहेस." तो गावाला नवा असेल, कामाला नवा नाही. आदिलाबादच्या मालकिणीने आपल्या लेकीशी जे केले, तेच आपण दुसऱ्याच्या लेकराशी करतो.

एक मागणी, जी आम्ही मांडणार नाही

अलीकडे काही दुकानदार बांधवांनी आम्हाला गळ घातली की, बाहेरून येणाऱ्या कारागिरांवर बंदी घालावी, निदान अमुक वर्षे जिल्ह्यात राहिल्याशिवाय त्यांना दुकान टाकू देऊ नये, अशी मागणी या पानातून करावी. त्यांची अडचण आम्ही समजून घेतो. दुकानाचे भाडे वाढले, विजेचे बिल वाढले, आणि शेजारी नवे सलून उघडून कोणी दाढी-कटिंगचे दर पाडले तर जुन्या दुकानदाराच्या पोटावर पाय येतो. हे दुखणे खरे आहे. पण त्यावर सुचवलेला इलाज चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे स्पष्ट सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

बाहेरचा कारागीर कमी पैशात का काम करतो? त्याला पैसा नको असतो म्हणून नव्हे. त्याच्या दहा-बारा वर्षांच्या अनुभवाला येथे किंमत नाही म्हणून. ज्याचा अनुभव शून्य धरला जातो त्याला शिकाऊच्या मजुरीवर राबावे लागते, आणि शिकाऊच्या मजुरीत उस्तादाचे काम मिळू लागले की स्थानिक उस्तादालाही कोणी पूर्ण दाम देत नाही. म्हणजे दर पडण्याचे मूळ परप्रांतीयाच्या येण्यात नसून त्याच्या अनुभवाला मोल नसण्यात आहे. त्याला योग्य दाम मिळाला तर तो आपल्या कारागिराचा दाम पाडू शकणार नाही. बंदी घातली तर काय होईल? उद्या आदिलाबाद, हैदराबाद, सुरत येथील दुकानदारही तोच नियम करतील, आणि पाटणबोरीला आपण बांधलेली भिंत आपल्याच मुलाला पलीकडून आडवी येईल.

सर्वोच्च न्यायालयाने काय ठरवले?

अशी भिंत कायद्यातही टिकत नाही, हे आपल्याच राज्यातील एका खटल्यात ठरलेले आहे. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत 'सिने कॉस्च्यूम मेकअप आर्टिस्ट्स अँड हेअर ड्रेसर्स असोसिएशन' ही कामगार संघटना आहे. तिच्या नियमांनुसार महिलांना केवळ हेअर ड्रेसर म्हणून सदस्यत्व मिळे, मेकअप आर्टिस्ट म्हणून नाही. दुसरी अट अशी की, सदस्य होण्यासाठी महाराष्ट्रात पाच वर्षे वास्तव्य असले पाहिजे. चारू खुराना यांनी अमेरिकेत मेकअपचे रीतसर शिक्षण घेतले होते, तरी त्यांना मेकअप आर्टिस्टचे कार्ड नाकारण्यात आले. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्या. दीपक मिश्रा आणि न्या. उदय लळित यांच्या खंडपीठाने या दोन्ही अटी रद्द केल्या. स्त्री आहे म्हणून आणि राज्यात पाच वर्षे राहिलेली नाही म्हणून कोणाला त्याच्या हुनरापासून दूर ठेवता येणार नाही, असा या निकालाचा अर्थ आहे. राज्यघटनेच्या कलम १९ ने प्रत्येक नागरिकाला देशात कोठेही राहण्याचा आणि कोणताही कायदेशीर धंदा करण्याचा हक्क दिलेला आहे. मुंबईतील मोठ्या संघटनेची अट जेथे टिकली नाही, तेथे तालुक्याच्या सलूनवाल्यांचा ठराव टिकेल काय?

परवाना नाही, म्हणून पुरावाही नाही

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. आपल्या देशात केस कापणाऱ्याला किंवा पार्लर चालवणाऱ्या भगिनीला त्या कामाचा व्यक्तिगत परवाना घ्यावा लागत नाही. परवाना किंवा नोंद असते ती दुकानाची. महाराष्ट्रात ज्याला आपण गुमास्ता म्हणतो त्या कायद्याची जागा २०१७ च्या नव्या कायद्याने घेतली. वीसपेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला आता नोंदणी दाखला लागत नाही, ऑनलाइन सूचना देऊन तिची पोच घेतली की झाले. पण या कागदावर नाव मालकाचे असते. खुर्चीमागे उभ्या असलेल्या कारागिराने तेथे एक वर्ष काम केले की पंधरा वर्षे, याची नोंद कोठेच होत नाही.

अमेरिकेत नेमके याच्या उलट आहे. तेथे प्रत्येक राज्य ब्युटीशियन आणि बार्बरला स्वतंत्र परवाना देते. कोणत्या राज्यात १००० तासांचे प्रशिक्षण लागते, तर कोणत्या राज्यात १५०० तासांचे. एका राज्यात वीस वर्षे काम केलेली स्त्री दुसऱ्या राज्यात राहायला गेली की कमी पडलेले तास भरून काढण्यासाठी पुन्हा शाळेत बसण्याची वेळ तिच्यावर येत असे. याविरुद्ध ओरड झाली, तेव्हा २०१९ मध्ये ॲरिझोना राज्याने कायदा करून, बाहेरून राहायला येणाऱ्या परवानाधारकांचा परवाना मान्य करण्यास सुरुवात केली. पुढे काही राज्यांनी मिळून आपसांत करार केला. एका राज्याचा परवाना करारातील इतर राज्यांत चालावा हा त्याचा हेतू, आणि आवश्यक ती सात राज्ये पूर्ण होऊन २०२४ मध्ये तो अमलात आला. तेथील कारागिराला कागदाच्या ओझ्याने अडवले, आपल्या कारागिराला कागदाच्या अभावाने. परिणाम एकच, झालेली वर्षे मोजली जात नाहीत.

वाहन चालवण्याचा परवाना यवतमाळला काढला तरी तो हैदराबादेत चालतो. २०१९ मध्ये चार राज्यांपासून सुरू झालेल्या योजनेमुळे आता रेशनकार्डावरचे धान्यही दुसऱ्या राज्यात मिळते. धान्य राज्याची हद्द ओलांडू शकते, तर हुनर का नाही?

सरकारी योजनांत काय आहे आणि काय नाही

सरकारने काहीच केलेले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २७ डिसेंबर २०१३ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा जाहीर केला. माणूस काम कोठे शिकला यापेक्षा त्याला काय येते हे पाहावे, हे त्याचे तत्त्व आहे. त्यानंतर २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत 'रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग', म्हणजे आधीच येत असलेल्या कामाला मान्यता, हा भाग ठेवण्यात आला. यात महिनोन्महिने क्लास करावा लागत नाही. थोड्या तासांची ओळख करून दिली जाते, परीक्षक प्रत्यक्ष काम पाहतो, आणि पास झालेल्याला प्रमाणपत्र मिळते. ब्युटी थेरपिस्ट, हेअर स्टायलिस्ट अशा कामांसाठी ही सोय आहे. प्रमाणपत्र राष्ट्रीय असल्याने राज्याची हद्द त्याला आड येत नाही.

याशिवाय २६ ऑगस्ट २०२१ रोजी ई-श्रम पोर्टल सुरू झाले. १६ ते ५९ वर्षे वयाच्या असंघटित कामगाराला त्यावर बारा अंकी क्रमांक मिळतो, तो देशभर एकच राहतो, आणि त्यात व्यवसायाची नोंद करता येते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत नाई हा व्यवसाय आहे. त्यात पाच-सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाख व दुसऱ्या टप्प्यात दोन लाखांपर्यंत कर्ज अशी तरतूद आहे. प्रमाणपत्र आणि ओळखपत्रही मिळते.

मग उणीव कोठे आहे? पहिली ही की, कौशल्याचे प्रमाणपत्र काय येते ते सांगते, किती वर्षे केले ते सांगत नाही. पगार ठरवताना मालक नेमकी वर्षे विचारतो. दुसरी उणीव विश्वकर्मा योजनेची. तेथे अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायत किंवा नगरपालिका करते, आणि लाभ कुटुंबातील एकालाच मिळतो. जो कारागीर गाव सोडून दुसऱ्या राज्यात राबतो त्याला गावचे सरपंच विसरलेले असतात आणि कामाच्या शहरातील नगरपालिका ओळखत नसते. तिसरी उणीव कामगार कायद्याची. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात ठेकेदाराने आणलेलाच मजूर धरला जात असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेत स्वतःहून आलेल्यालाही धरले आहे, पण या कामगारांसाठीच्या तरतुदी जेथे असे दहा किंवा अधिक कामगार आहेत त्या आस्थापनांसाठी आहेत. दोन खुर्च्यांचे सलून त्यात बसत नाही.

आपल्या हातात काय आहे?

सरकारकडे बोट दाखवण्यापूर्वी आपण आपल्या गल्ल्याकडे पाहावे, असे आम्हाला वाटते. वणीच्या त्या भगिनीजवळ कागद नव्हता, कारण ज्या दुकानात त्यांनी नऊ वर्षे काढली तेथून त्यांना एका पानाचा दाखला मिळाला नाही. त्यांनी मागितला होता. उत्तर मिळाले, "आमच्याकडे तशी पद्धत नाही." ही पद्धत नसणे हीच खरी भिंत आहे, आणि ती कोणत्याही सरकारने बांधलेली नाही.

मालकांची भीती आम्ही ऐकली आहे. दाखला दिला तर कारागीर सोडून जाईल, समोरच दुकान टाकेल, दाखला हातात धरून जास्त पगार मागेल. बांधवांनो, ज्याला जायचे असते तो दाखल्याविनाही जातो. उलट ज्या दुकानात शागिर्दाला आपली वर्षे नोंदली जात आहेत याची खात्री असते, तेथे तो टिकतो. कोणाची कमावलेली वर्षे अडवून ठेवणे म्हणजे त्याची मजुरी अडवून ठेवण्यासारखेच आहे. वर्षे त्याची आहेत. मालकाकडे ती फक्त अमानत आहेत.

दाखला कसा असावा? दुकानाच्या छापील कागदावर, तारखेसह, मालकाच्या सही-शिक्क्याने. त्यात कारागिराचे पूर्ण नाव, काम सुरू केल्याची आणि सोडल्याची तारीख, आणि तो स्वतंत्रपणे कोणती कामे करीत असे हे स्पष्ट लिहावे. 'पार्लरचे सर्व काम' असे मोघम लिहू नये. थ्रेडिंग, वॅक्सिंग, फेशियल, हेअर कलर, नवरीचा मेकअप असे एकेक काम लिहावे. दुकानाच्या नोंदीच्या पोचेचा क्रमांक टाकला तर पलीकडच्या मालकाला खातरजमा करणे सोपे जाते. पगार बँकेत किंवा यूपीआयने दिला तर तोही वर्षांचा पुरावा ठरतो. कारागिरांनीही आपली वही ठेवावी, कामाचे फोटो जपावे, ई-श्रमवर आपला व्यवसाय बरोबर नोंदला आहे की नाही ते पाहावे.

मात्र खोटा दाखला कोणी देऊ नये, घेऊ नये. हा केवळ पगाराचा प्रश्न नाही, गिऱ्हाइकाच्या अंगाचा प्रश्न आहे. एकदा वापरलेले ब्लेड दुसऱ्याला लावले तर कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्हीसारखे रोग रक्तातून पसरू शकतात. केसांच्या काळ्या रंगात आणि बाजारातील काळ्या मेंदीत असणाऱ्या पीपीडी या रसायनाने कोणाकोणाची त्वचा भाजल्यासारखी होते, म्हणून रंग लावण्यापूर्वी कानामागे थोडा लावून पाहावा लागतो. हे अनुभवी हाताला ठाऊक असते. दोन महिन्यांच्या शिकाऊला नात्यासाठी 'पाच वर्षांचा अनुभव' लिहून देणारा मालक उद्या खऱ्या पाच वर्षांच्या दाखल्यावरचाही विश्वास उडवील.

आमच्या सूचना

पहिली सूचना दुकानदारांना. तालुक्यातील सलून आणि पार्लरवाल्यांनी एकत्र बसून अनुभवाच्या दाखल्याचा एक नमुना ठरवावा, आणि बाहेरून आलेल्या कारागिराने तसा दाखला आणला तर एक-दोन दिवस काम पाहून त्याची वर्षे धरावी. काम पाहा, जरूर पाहा. पण पाहिल्यावर शून्यापासून मोजू नका.

दुसरी सूचना प्रशासनाला. आधीच्या कौशल्याला मान्यता देणारी शिबिरे यवतमाळ शहरापुरती न ठेवता वणी, पांढरकवडा, पुसद, उमरखेड येथे भरवावी. महिला परीक्षक असाव्यात, म्हणजे घरातून पार्लर चालवणाऱ्या भगिनी संकोच न करता येतील. प्रमाणपत्रावर कौशल्याच्या पातळीबरोबर सिद्ध झालेली कामाची वर्षेही नमूद करण्याची सोय व्हावी. विश्वकर्मा योजनेची पडताळणी कारागीर जेथे काम करतो तेथील नगरपालिकेलाही करता यावी.

तिसरी सूचना दोन्ही राज्यांना. महाराष्ट्र आणि तेलंगणाच्या कौशल्य विभागांनी अशा प्रमाणपत्राला एकमेकांच्या हद्दीत कर्ज, शासकीय कंत्राट आणि नोकरभरती यांसाठी सारखीच मान्यता देण्याचे परिपत्रक काढावे. राष्ट्रीय प्रमाणपत्र कागदावर सर्वत्र चालते, पण बँकेच्या खिडकीवरही ते चालले पाहिजे.

जुन्या माणसांना आठवत असेल, आपला यवतमाळ जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, मग मुंबई राज्यात आला आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहे. त्याही आधी, १८५३ पर्यंत, वऱ्हाड निजामाच्या कारभाराखाली होता, म्हणजे आदिलाबाद आणि यवतमाळ एकाच राज्यात होते. आदिलाबादने तर हैदराबाद, आंध्र प्रदेश आणि २०१४ पासून तेलंगणा अशी तीन राज्ये पाहिली. या काळात जो न्हावी आपल्या दुकानातून उठला नाही त्याचेही राज्य बदलत गेले, पण त्याला कोणी पुन्हा शिकाऊ ठरवले नाही. मग जी लेक स्वतः पूल ओलांडून गेली तिला का ठरवावे? येत्या लग्नसराईत आपल्या दुकानात जी मुलगी, जो मुलगा खुर्चीमागे उभा असेल, त्याचा दाखला आजच लिहून ठेवा. तो मागेल तेव्हा द्यावाच लागेल, पण मागण्याआधी दिला तर अधिक बरे.